आकड्याच्या आधी काय असते? ऊर्जेची मॉडेले आणि दिल्लीचे वीजधोरण

गोव्यात पेटणारा जवळजवळ प्रत्येक दिवा बाहेरच्या विजेवर पेटतो. छत्तीसगडमधले कोरबा, मध्य प्रदेशातले विंध्याचल, तेलंगणातले रामगुंडम अशा केंद्राच्या प्रकल्पांतून गोव्याला ठरलेला वाटा मिळतो आणि वीज खाते तो पेडण्यापासून काणकोणपर्यंत पोचवते. त्यामुळे देशात कोळसा किती राहणार, सौरऊर्जा किती येणार, बॅटऱ्या कधी बसणार हे दिल्लीत ठरले की त्याचा परिणाम म्हापशातल्या दुकानाच्या बिलावर होतोच.

जुलै २०२३ मध्ये जी-२० देशांचे ऊर्जामंत्री गोव्यात जमले होते. स्वच्छ ऊर्जेवरची मंत्रीस्तरीय परिषदही त्याच आठवड्यात इथेच झाली. २०३० पर्यंत ५०० गिगावॅट (एक गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट) बिगर-जीवाश्म क्षमता, २०७० पर्यंत नेट झिरो, म्हणजे जेवढे उत्सर्जन तेवढेच शोषण, हे आकडे तेव्हा रोज वर्तमानपत्रात येत होते. असे आकडे कुठून येतात? काही राजकीय निर्धारातून येतात, हे खरे. पण ते पेलतील का, त्यांना खर्च किती आणि कुठे काय तुटेल, हे तपासायचे काम ऊर्जेच्या मॉडेलवर होते. ही मॉडेले बहुतेक विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत जन्माला आली. तिथून ती सरकारी कार्यालयांत कशी पोचतात आणि वाटेत काय बिघडते, ते इथे पाहू.

पुरुमेंताचे गणित

मॉडेल म्हणजे भविष्य सांगणारे यंत्र नव्हे. ते पुरुमेंतासारखे आहे. मे महिन्यात घरातली जाणती बाई पावसाळ्याची बेगमी करते तेव्हा तिच्या डोक्यात काय चालते? घरात माणसे किती, पावसाचे महिने किती, तांदूळ, सुकी मासळी, सोले, मिरची यांचे आजचे भाव काय, हातात पैसे किती, ठेवायला कोरडी जागा किती. शिवाय चवथीला पाहुणे येणार, म्हणजे त्या पाच दिवसांची सोय वेगळी. या सगळ्या अटी सांभाळून कमीत कमी खर्चात घर चालले पाहिजे.

वीजव्यवस्थेचे मॉडेल हेच करते, फक्त समीकरणांत. उद्दिष्ट एक: येत्या दहा, वीस किंवा तीस वर्षांचा एकूण खर्च किमान ठेवणे. अटी अनेक: प्रत्येक वेळेच्या तुकड्यात मागणी आणि पुरवठा जुळला पाहिजे, कुठलेही केंद्र आपल्या क्षमतेपेक्षा जास्त वीज देणार नाही, कोळशाचा संच (बॉयलर-टर्बाइनची एक जोडी) पेटता ठेवायचा तर ठरावीक पातळीच्या खाली जाणार नाही, बॅटरीतून तेवढेच निघेल जेवढे आत गेले, तेही थोडे गळून, तारेतून तिच्या ताकदीइतकीच वीज जाईल. ही समीकरणे लाखांच्या घरात जातात आणि ती सोडवायला सॉल्व्हर नावाची प्रणाली लागते. उत्तरात कुठल्या वर्षी काय बांधायचे ते येतेच. शिवाय प्रत्येक अटीची ‘छाया किंमत’ येते: ती अट थोडी सैल केली तर किती पैसे वाचतील. धोरण करणाऱ्याला अनेकदा मुख्य उत्तरापेक्षा या किमतीतून जास्त कळते, कारण नेमकी कुठली अट बोचते आहे ते तिथे दिसते.

सगळी मॉडेले एकाच जातीची नसतात. नीती आयोगाचे ‘इंडिया एनर्जी सिक्युरिटी सिनॅरिओज २०४७’ हे मुळात एक गणकयंत्र आहे. सौर, गाड्या, स्वयंपाक, उद्योग अशा प्रत्येक बाबीसाठी आपण प्रयत्नांची पातळी निवडायची आणि एकूण ऊर्जा, आयात व उत्सर्जन किती होते ते पाहायचे. त्याची कल्पना ब्रिटनच्या २०५० कॅल्क्युलेटरवरून आली. तो केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड मॅके यांच्या पुढाकाराने झाला होता. हे यंत्र काय स्वस्त ते सांगत नाही, हिशेब जुळतो का एवढेच सांगते. दुसरी जात किमान खर्च शोधणारी. तिचे मूळ मार्कल नावाचे मॉडेल. ते १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या छत्राखाली अमेरिकेतल्या ब्रुकहेवन आणि जर्मनीतल्या युलिश इथल्या प्रयोगशाळांत तयार झाले. आपल्याकडे दिल्लीच्या टेरी या संशोधन संस्थेने मार्कल बराच काळ वापरले, आयआयएम अहमदाबादच्या प्रा. पी. आर. शुक्ला यांच्या गटाने एआयएम कुळातले मॉडेल वापरले, आणि पुण्याच्या प्रयास संस्थेने रुमी नावाची खुली प्रणाली तयार केली. तिसरी जात क्षमता ठरलेली आहे असे मानते आणि ती वर्षभर तासागणिक किंवा पंधरा-पंधरा मिनिटांनी चालवून पाहते.

एका तालुक्याचा हिशेब

वेळेचे तुकडे किती बारीक, यावर सगळे ठरते. कल्पनेतला एक तालुका घ्या. आकडे समजण्यापुरते आहेत. मेगावॅट म्हणजे त्या क्षणाची ताकद, मेगावॅट-तास म्हणजे तेवढ्या वेळात मिळालेली एकूण वीज. दिवसाचे आठ तास ६० मेगावॅट मागणी, संध्याकाळचे चार तास १०० मेगावॅट, उरलेले बारा तास ५० मेगावॅट. एकूण झाली ४८० अधिक ४०० अधिक ६००, म्हणजे दिवसाला १,४८० मेगावॅट-तास. एक मेगावॅट सौर प्रकल्प दिवसाला साधारण ४ मेगावॅट-तास देतो असे धरू. भागाकार केला की उत्तर येते ३७० मेगावॅट. ‘एवढे पॅनेल लावा, तालुका शंभर टक्के सौर’ अशी घोषणा या भागाकारावर होऊ शकते.

आता दिवस उघडून पाहा. ३७० मेगावॅट पॅनेल त्या आठ तासांत सरासरी १८५ मेगावॅट देतील. मागणी ६० ची. म्हणजे तासाला १२५ मेगावॅट जास्त, आठ तासांत १,००० मेगावॅट-तास. सूर्य मावळल्यावरची गरजही नेमकी १,००० चीच आहे. पण बॅटरीत घातलेले सगळे परत मिळत नाही. १०० घातले तर ८५ निघतात असे धरले, तर हाती ८५० येतात आणि १५० कमी पडतात. हे भरून काढायला पॅनेल ३७० नव्हे, सुमारे ४१४ मेगावॅट लागतील. शिवाय जवळपास १,२०० मेगावॅट-तास साठवू शकणाऱ्या बॅटऱ्या, ज्यांचा पहिल्या भागाकारात पत्ताच नव्हता.

हाही कोरड्या, उन्हाच्या दिवसाचा हिशेब झाला. जुलैमध्ये सत्तरी तालुक्यात सलग आठवडाभर ढग दाटले की ४ चा आकडा कितीतरी खाली येतो आणि एका रात्रीपुरती बॅटरी आठवड्याचा खड्डा भरू शकत नाही. म्हणून चांगले मॉडेल सरासरी दिवसावर थांबत नाही. पावसाळ्यातला वाईटात वाईट आठवडाही त्यात घालावा लागतो. वार्षिक बेरजेवर चाललेले मॉडेल सौरऊर्जेला नेहमी तिच्या खऱ्या खर्चापेक्षा स्वस्त दाखवते. जुन्या अभ्यासांत वर्षाचे सहा किंवा बारा तुकडे करून काम भागत असे, कारण तेव्हा कोळसा आणि धरणे होती, जी सांगाल तेव्हा चालत. आज ते चालणार नाही.

एकच संस्था, एकच वर्ष, दोन उत्तरे

वीज कायदा २००३ च्या तिसऱ्या कलमानुसार केंद्रीय विद्युत प्राधिकरण दर पाच वर्षांनी राष्ट्रीय वीज आराखडा तयार करते. त्याच्या जोडीला प्राधिकरणाने २०२९-३० साठी सर्वांत योग्य क्षमता-मिश्रण कोणते, यावर अहवाल काढला, पहिला जानेवारी २०२० मध्ये आणि सुधारित एप्रिल २०२३ मध्ये. दोन्ही अहवाल शेजारी ठेवून वाचावेत, मॉडेल म्हणजे काय हे त्याहून सोप्या रीतीने कळणार नाही.

पहिल्याने सांगितले: एकूण ८१७ गिगावॅट, त्याशिवाय बॅटऱ्या २७ गिगावॅट, चार तासांच्या (पूर्ण ताकदीने चार तास पुरणाऱ्या), म्हणजे १०८ गिगावॅट-तास. दुसऱ्याने सांगितले: एकूण ७७७ गिगावॅट, बॅटऱ्या ४१.६५ गिगावॅट, पाच तासांच्या, म्हणजे २०८.२५ गिगावॅट-तास. साठवण जवळजवळ दुप्पट झाली, तीही तीन वर्षांत आणि त्याच लक्ष्यवर्षासाठी. मधल्या काळात पवनऊर्जेचा अंदाज १४० वरून सुमारे १०० गिगावॅटवर उतरला. वारा सूर्यास्तानंतरही वाहतो. तो कमी धरला की रात्रीचा भार साठवणीवर येतो. मागणी, किमती, उदंचन जलविद्युत (पाणी वर चढवून वीज साठवणाऱ्या) प्रकल्पांची यादी या गोष्टीही अशा अहवालात दर वेळी नव्याने भरल्या जातात.

कुणी म्हणेल, मग पहिला अहवाल चुकला. आमच्या मते तसे नाही. दोन्ही अहवाल आपापल्या गृहीतकांशी प्रामाणिक होते. चूक तेव्हा होते, जेव्हा ‘२७ गिगावॅट’ एवढाच आकडा उचलला जातो आणि त्याच्या पोटातली गृहीतके मागेच राहतात. १९८० च्या दशकात ऑस्ट्रियातल्या आयआयएएसए संस्थेच्या जागतिक ऊर्जा अभ्यासावर बिल कीपिन यांनी हाच आक्षेप घेतला होता: अवाढव्य मॉडेलमधून बाहेर आलेले निष्कर्ष बहुतांशी आधी हाताने भरलेल्या आकड्यांतच होते.

धोरण मात्र त्या दिशेने हलले. २०२२ मध्ये ऊर्जा मंत्रालयाने वितरण करणाऱ्यांसाठी साठवणीचे बंधन ठरवले: २०२३-२४ मध्ये एकूण वीजवापराच्या १ टक्का, वाढत वाढत २०२९-३० ला ४ टक्के. सप्टेंबर २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने ४,००० मेगावॅट-तास बॅटऱ्यांसाठी भांडवली खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत मदत देणारी योजना मंजूर केली. फेब्रुवारी २०२५ मध्ये प्राधिकरणाने सल्ला दिला, की सौर प्रकल्पांच्या नव्या निविदांत क्षमतेच्या किमान १० टक्के इतकी, दोन तासांची साठवण जोडावी.

कोळशाच्या संचाची किमान पातळी

संशोधनाचा धोरणावरचा परिणाम पाहायचा तर एक किचकट पण मोलाचे उदाहरण आहे. दुपारी सौरऊर्जा भरपूर आली की कोळशाचे संच मंद करावे लागतात. पण संच फार मंद केला तर ज्वाला अस्थिर होते, बॉयलरच्या नळ्या आणि टर्बाइनचे जाड भाग वारंवार तापून-निवून थकतात, आणि प्रति युनिट कोळसा जास्त जळतो. म्हणून प्रत्येक संचाची एक तांत्रिक किमान पातळी असते. ती जितकी वर, तितकी दुपारची सौरऊर्जा वाया.

२०१७ मध्ये अमेरिकेतल्या एनआरईएल व लॉरेन्स बर्कली या प्रयोगशाळांनी देशाचे वीजजाळे चालवणाऱ्या पोसोकोबरोबर (आताचे ग्रिड इंडिया) १७५ गिगावॅट अक्षय ऊर्जेचा अभ्यास केला. १०० गिगावॅट सौर आणि ६० गिगावॅट पवन धरून पूर्ण वर्ष पंधरा-पंधरा मिनिटांनी चालवून पाहिले. उत्तर आले: किमान पातळी क्षमतेच्या ७० टक्के ठेवली तर सुमारे ३.५ टक्के सौर-पवन वीज सोडून द्यावी लागेल. ५५ टक्क्यांवर आणली तर १.४ टक्के; ४० टक्क्यांवर आणली तर १ टक्क्याच्याही खाली. म्हणजे मोठा लाभ पहिल्या उतारात आहे. दुसऱ्या उतारात तो कमी आणि संचाची झीज जास्त.

केंद्रीय वीज नियामक आयोगाने केंद्राच्या संचांसाठी ५५ टक्क्यांचा नियम २०१६ मध्येच केला होता. म्हणजे अभ्यास आधी आणि नियम नंतर, असा सरळ क्रम इथे नाही. अभ्यासाने दाखवून दिले की राज्यांच्या संचांनीही ते केले तर फायदा किती. नंतर २०२३ मध्ये प्राधिकरणाने लवचीक चालवणीचे नियम आणले: ५५ टक्के सर्वांना, आणि टप्प्याटप्प्याने ४० टक्के. संशोधन आणि नियम हे असे एकमेकांच्या पुढेमागे चालतात. संच मंद चालल्याने वाढणारा खर्च वीज घेणाऱ्यांनी भरून द्यायचा असतो. कोरबा-विंध्याचलची वीज घेणाऱ्या गोव्याचाही त्यात वाटा आहे.

आकडा राजपत्रापर्यंत कसा जातो

सरकारी अधिकारी शोधनिबंध वाचून धोरण करतो, असे क्वचितच घडते. वाट वेगळी असते. मंत्रालयाला प्रश्न पडतो, समिती बसते, समितीत त्या विषयाचे प्राध्यापक असतात, त्यांच्या हाताखालचे गट मॉडेल चालवतात, तीन-चार चित्रे मांडली जातात, मसुदा हरकतींसाठी खुला होतो, मग आकडे नियमात उतरतात. २००६ चे एकात्मिक ऊर्जा धोरण किरीट पारिख यांच्या अध्यक्षतेखालील समितीने असेच तयार केले. ब्रिटनने २००३ च्या श्वेतपत्रिकेत २०५० पर्यंत कार्बन उत्सर्जन ६० टक्के कमी करण्याचे ध्येय धरले, तेव्हा त्याच्या खर्चाचा अंदाज मार्कलवर काढला होता.

नेट झिरोच्या बाबतीतही असेच काहीसे दिसते. ऑक्टोबर २०२१ मध्ये दिल्लीच्या सीईईडब्ल्यू संस्थेने वेगवेगळ्या वर्षांसाठी नेट झिरोचे अर्थ काढून दाखवले. २०७० साठी सुमारे ५,६०० गिगावॅट सौर क्षमता लागेल असे त्यात होते. तेव्हा देशात ५० गिगावॅटही नव्हते. १ नोव्हेंबर २०२१ ला पंतप्रधानांनी ग्लासगोत २०७० जाहीर केले. अभ्यास आधी आला एवढ्यावरून निर्णय त्यातूनच निघाला असे म्हणता येत नाही. पण निर्णय घेणाऱ्यासमोर २०५०, २०६०, २०७० यांतला फरक आकड्यांत मांडलेला होता, आणि तेच मॉडेलचे काम.

शेवटी आकडा टक्क्यांच्या तक्त्यात येतो. ऑक्टोबर २०२३ च्या अधिसूचनेने अक्षय ऊर्जा वापराचे बंधन २०२४-२५ साठी २९.९१ टक्के आणि २०२९-३० साठी ४३.३३ टक्के ठरवले. वीज वितरण करणाऱ्या प्रत्येकाला ते लागू आहे, गोव्याच्या वीज खात्यालाही.

कुठे फसते

सर्वांत जास्त फसवणारा आकडा म्हणजे सूट-दर, भविष्यातला रुपया आज किती पैशांचा मानायचा तो दर. तीस वर्षांनंतरचे १०० कोटींचे नुकसान १० टक्के दराने आज फक्त ५.७ कोटींचे दिसते. ५ टक्क्यांनी तेच २३ कोटींचे. धरण, वारा, सौर यांचा खर्च सुरुवातीला असतो, कोळशाचा रोजचा. दर वाढवला की कोळसा जिंकतो, कमी केला की सौर. एका ओळीतला हा आकडा पाचशे पानांचे निष्कर्ष फिरवू शकतो.

दुसरी अडचण किमतीची. २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियानाचे ध्येय २०२२ पर्यंत २० गिगावॅट होते. २०१५ मध्ये ते १०० केले. मे २०१७ मध्ये राजस्थानातल्या भाडल्याला सौर विजेचा भाव युनिटला २.४४ रुपये लागला, डिसेंबर २०२० मध्ये गुजरातेत १.९९. जुन्या भावावर चालवलेली मॉडेले सौरऊर्जेला वर्षानुवर्षे कोपऱ्यात बसवत राहिली. उलट टोकही आहे. किमान खर्चाच्या मॉडेलमध्ये एक पर्याय एका पैशाने जरी स्वस्त झाला तरी सगळी गुंतवणूक एकदम तिकडे झुकते. खऱ्या जगात कारखाने, कामगार, कर्ज यांना वेळ लागतो. म्हणून संशोधक ‘वर्षाला यापेक्षा जास्त बांधता येणार नाही’ अशी मर्यादा हाताने घालतात. ही मर्यादा कुणी आणि कशावरून घातली, हे विचारलेच पाहिजे.

तिसरी अडचण गोव्याला फार जवळची आहे. राष्ट्रीय मॉडेलमध्ये अनेकदा अख्खा पश्चिम विभाग हा एक बिंदू असतो, जणू आत तारांना काही अडथळाच नाही. प्रत्यक्षात तार जमिनीवरून जाते. गोव्यात वीज आणण्यासाठीच्या तम्नार प्रकल्पाची ४०० केव्ही वाहिनी मोलेच्या जंगलातून नेण्यावरून २०२० पासून गोव्यात जे रान उठले, ते मॉडेलच्या त्या बिंदूत मावणारे नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने २०२१ मध्ये नवी वाट न पाडता आधीच्या वाहिनीचा पट्टा वापरावा अशी शिफारस केली आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तीच दिशा धरली. मार्ग बदलला की खर्च आणि वेळ दोन्ही बदलतात. बारीक जाळ्याचे मॉडेल असेल तर हे पर्याय आधीच तोलून पाहता येतात.

अहवाल हातात आला तर

सारांश नंतर वाचा. आधी परिशिष्ट उघडा आणि पाच गोष्टी शोधा: मागणीचा अंदाज कुणाचा, वर्षाचे तुकडे किती, सूट-दर काय, बॅटरी आणि सौरच्या किमती कुठल्या वर्षाच्या, आणि कुठले आकडे मॉडेलने काढले व कुठले आधीच बांधून दिले. ५०० गिगावॅट ही अट म्हणून घातली असेल, तर ‘मॉडेलने ५०० सांगितले’ म्हणणे खोटे ठरते. मग पाहा, एकेक गृहीतक हलवून उत्तर किती हलते ते दाखवले आहे का. दाखवले नसेल तर त्या अहवालावर आम्ही फार भरवसा ठेवणार नाही.

स्वतः करून पाहायला पैसे लागत नाहीत. ओसेमोसिस, पायपीएसए आणि रुमी या मॉडेल-प्रणाली खुल्या आहेत, हायज हा सॉल्व्हर मोफत आहे, ग्रिड इंडियाचे दैनिक अहवाल आणि नीती आयोगाचा ऊर्जा-हवामान माहितीफलक सर्वांना उघडा आहे. फर्मागुढी किंवा कुंकळ्ळीतल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याच्या साध्या लॅपटॉपवर एका राज्याचे, वर्षाच्या ८,७६० तासांचे साधे मॉडेल सुटू शकते. वेळ जातो तो माहिती साफ करण्यात: गळलेले तास, दोनदा नोंदलेले दिवस, मेगावॅट आणि मेगावॅट-तास यांची गल्लत.

आणि गोव्याच्या ग्राहकाला एक दार कायद्यानेच उघडे आहे. वीज खाते दरांचा प्रस्ताव संयुक्त विद्युत नियामक आयोगापुढे ठेवते आणि त्यावर जाहीर सुनावणी होते. त्या प्रस्तावात पुढच्या वर्षांच्या विक्रीचा अंदाज, वीजखरेदीचा तक्ता आणि अक्षय ऊर्जेच्या बंधनाचा हिशेब असतो. विक्रीचा अंदाज मागच्या काही वर्षांच्या सरासरी वाढीवर काढला आहे, की वातानुकूलन यंत्रे, चार्जिंग केंद्रे आणि छतावरची सौर वीज वेगळी मोजून, हे त्या तक्त्याखालच्या टिपेत पाहा. छतावरची वीज दुपारी मागणी घटवते, संध्याकाळी सातला नाही. ती नुसती वार्षिक बेरजेतून वजा केलेली दिसली, तर तेवढी एक लेखी हरकत मुदतीत दाखल करता येते.